उचकी

टोलेडोच्या या शाळेत मुलं मला आकड्यांनी माहीत आहेत.
ट्रे पुढे सरकतो, मूल चार आकडे दाबतं,
मशीन हिरवं होतं.
चव्वेचाळीस सतरा म्हणजे चॉकलेटचं दूध.
साठ शून्य दोन, पिझ्झ्यावरचं चीज सोलून टाकणारी.
अठ्ठावीस एक्क्याण्णव म्हणजे एमेट कोवाल,
स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला पाठ लावून, एकटा.

नोव्हेंबरपासून बघत होते.
वहीत काहीतरी खरडायचा, कुणी जवळून गेलं की पान झाकायचा.
शेजारच्या टेबलावरून वाटाणे यायचे.
तो ते गोळा करून ट्रेच्या कडेला ओळीत मांडायचा.
मला त्या ओळीची भीती वाटायची.

ऑफिसात एक फॉर्म मिळतो: काही खटकलं तर कळवा.
घेतला. त्याचं नाव लिहिलं.
पुढची रेघ, काय पाहिलंत?
वाटाणे पाहिले.
मग ते नाव चुकीच्या जागी पडलंय असं वाटलं,
आणि फॉर्म घडी होऊन एप्रनच्या खिशात गेला.

आई म्हणायची, वाढणारा शेवटच्या पानापर्यंत गेला पाहिजे,
पंक्तिप्रपंच करणाऱ्याच्या हाताला चव राहत नाही.
म्हणायची खरी.
पण आमच्याच अंगणात, ताईच्या लग्नात,
माझ्या वर्गातली शेवंता मागच्या दाराशी
घरून आणलेलं ताट धरून उभी होती
आणि आई तिला वरून वाढत होती.
मी काही विचारलं नाही. जिलबी खात होते.

फेब्रुवारीत, ऐन जेवणाच्या सुट्टीत, भोंगा झाला.
सराव आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं,
तरी पाय खरेच पळाले.
दाराजवळची दोन मुलं मी कोठीत ओढली,
दिवा बंद, कडी आतून.
टोमॅटोचे डबे, पिठाची पोती, एमेट,
आणि दातांना तारा लावलेली ओडालिस.
श्वाससुद्धा हळू घ्यायचा, असा नियम.
आणि एमेटला उचकी लागली.

अंधारात उचकी केवढी मोठी होते!
तो दोन्ही हातांनी तोंड दाबून,
ओडालिसची नखं माझ्या मनगटात.
मी कुजबुजले, का ते माहीत नाही,
"आमच्याकडे म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय.
नावं घेत जायची. बरोबर नाव आलं की थांबते."
बराच वेळ काही नाही.
मग तो म्हणाला, "घ्यायला नावं पाहिजेत ना."

ओडालिस हळूच म्हणाली, "बसचा ड्रायव्हर?" उक्.
"गणिताच्या बाई? तू गृहपाठ दिला नाहीस." उक्.
"तुझं कुत्रं?"
"मांजर आहे."
"बरं, मांजर?" उक्.
"मी?"
उक्.
तिघंही हसलो. आवाज न करता हसलं की
पोटात किती दुखतं, विसरले होते.
उचकी काही थांबली नाही. सरावच आधी संपला.

दुसऱ्या दिवशी रांगेत तिनं त्याला गाठलं,
"मग? कोण होतं?"
"शोधतोय अजून."
ती त्याच्यासमोर बसली. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी मैत्रिणींनी बोलावलं, तिकडे गेली.
सोमवारी परत आली, सोबत एक मैत्रीण, तोंड वाकडं करून.
वाटाणे पुन्हा आले.
ओडालिसनं एक उचलला, खाल्ला,
त्या टेबलाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "मीठ कमी आहे."
वाटाणे मीच उकडते. मीठ कमीच होतं.

वहीत काय होतं, मला आजही माहीत नाही.
मनात काही होतं का, तेही नाही.
कदाचित नुसतं चौदाचं वय होतं.
मे संपला, शाळा सुटली, काही झालं नाही,
आणि न झालेल्याचा हिशेब
कुठल्या मशीनवर हिरवा होत नाही.
एप्रन धुतला, तेव्हा खिशातून कागदाचा लगदा निघाला.

रात्री ओटा पुसताना मलाच उचकी लागली.
पहिलं नाव शेवंताचं घेतलं.
थांबली नाही.
पाणी प्यायले, आणि पुन्हा तेच घेतलं.